आधी मोजमाप, मग पार्ट : कमी पैशातलं इंजिनकाम

गेली सत्तावीस वर्षं मी सांगलीत बोअरिंग (झिजलेला सिलिंडर कापून मोठ्या मापाचा करणं), होनिंग (त्याची आतली भिंत हलकी घासणं) आणि क्रँक ग्राइंडिंगचं (क्रँकशाफ्ट घासून मापात आणणं) काम करतो. माझ्याकडे येणारं इंजिन बहुतेक वेळा खोललेलं असतं आणि सोबत नवीन पार्टचा डबाही असतो. डब्यातले काही पार्ट परत न्यावे लागतात, कारण ते मोजायच्या आधी आणलेले असतात. खिशात पैसे मोजकेच असतील तर हा क्रम उलटाच हवा. या वेळचे बहुतेक प्रश्न याच ओढाताणीतून आले आहेत.

प्रश्न : माझी २००६ ची मारुती ८०० आहे. निळा धूर येतो आणि हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑइल वर टाकावं लागतं. मेकॅनिक म्हणतात फुल इंजिन करा, अठ्ठावीस हजार लागतील. माझ्याकडे पंधरा हजार आहेत. पिस्टनच्या नुसत्या रिंगा टाकून भागेल का? (मिरज)

भागेलही, पण ते धुरावरून ठरवता येत नाही. आधी धूर नेमका कधी येतो ते पाहा. सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा सिग्नलला थांबून निघताना भपका येत असेल आणि नंतर कमी होत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर घ्या. हे सील स्वस्त असतात आणि त्यांच्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबून चढ चढताना मागे सतत निळं दिसत असेल, तर बोट रिंगा आणि बोअरकडे जातं.

मग कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली हवी, तिन्ही प्लग काढलेले, पेट्रोल आणि इग्निशन तोडलेलं आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून ठेवा. दोन सिलिंडरांत एक किलोपेक्षा (दर चौरस सें.मी.ला) जास्त फरक असेल तर काहीतरी बिघडलंय. जो सिलिंडर कमी दाखवतो त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा आकडा घ्या. आकडा चांगलाच चढला तर गळती रिंगांतून आहे. हललाच नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलंय, आणि तिथे रिंगा बदलून काही उपयोग होणार नाही. ही तपासणी तासाभराची आहे. ती न करता अठ्ठावीस हजारांचा अंदाज कुणी देत असेल तर तो अंदाज मी धरणार नाही.

समजा रिंगांवरच आलं. हेड आणि चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) उतरवून पिस्टन काढा आणि ब्लॉकमधले सिलिंडर बोअर गेजने मोजून घ्या. या गाडीचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८.५ मि.मी. आहे. झीज सगळ्यात जास्त असते ती वरच्या रिंगेच्या थांबण्याच्या जागी, म्हणून वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं मोजायचं. सिलिंडर अंड्यासारखा झाला असेल किंवा वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर नव्या रिंगा त्याला धरून बसत नाहीत. दोन-तीन महिन्यांत धूर परत येतो आणि पंधरा हजार गेलेले असतात. माप कंपनीच्या मर्यादेत असेल तर मात्र हलकं होनिंग, नव्या रिंगा आणि गॅस्केट सेट यावर काम होतं. होनिंग टाळू नका. जुन्या बोअरला काचेसारखी चकाकी आलेली असते, त्यावर नवी रिंग रुळत नाही. होनिंगच्या तिरक्या फुलीदार रेघांत ऑइल टिकतं.

प्रत्येक रिंग बसवण्याआधी बोअरमध्ये सरळ ढकलून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पानांनी) पाहा. या आकाराच्या बोअरला पाव मि.मी.च्या आसपास फट मला बरी वाटते. फटच नसेल तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो. ०.७ मि.मी. निघाली तर बोअरच मोठा झालाय.

तेव्हा तुमच्या पंधरा हजारांतले पहिले पैसे मोजमापावर घाला. बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) आणि ऑइल पंप उघडलेच आहेत तर तेही तपासून घ्या. इंजिनला रंग, नवी माउंटिंग, चांगला चालणारा वॉटर पंप बदलणं हे सगळं पुढच्या वर्षावर ढकललं तरी चालेल. सुटे पार्ट धुणं आणि जुनं गॅस्केट खरवडणं घरी करता येतं. मेकॅनिकला आधी विचारा, बरेच जण त्याची मजुरी कमी करतात.

प्रश्न : एकाच सिलिंडरला चर पडलाय, बाकीचे दोन बरे आहेत. तिन्ही बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घ्यायलाच हवेत का? दुधाची ओम्नी आहे, फार दिवस उभी ठेवता येत नाही. (कोरेगाव)

नाही. बाकीचे दोन मापात असतील तर खराब सिलिंडरला स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी) टाकून तो परत स्टँडर्ड मापाला आणता येतो. एका स्लीव्हचा खर्च तीन नव्या पिस्टनपेक्षा कमी पडतो. मात्र एक पिस्टन मोठा आणि दोन जुन्या मापाचे असं कधीही करू नका. वजनाचा तोल जातो आणि इंजिन थरथरतं. चर का पडला हेही शोधा. पिस्टनच्या पिनचं लॉक सुटलं असेल तर ते उघड दिसतं.

प्रश्न : आम्ही शामरावनगरला राहतो. पावसात स्विफ्ट डिझेल पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर भावाने एकदा स्टार्टर मारला, टक् असा आवाज आला आणि थांबलं. आता काय करावं? (सांगली)

पुन्हा चावी फिरवू नका आणि गाडी ढकलस्टार्टही करू नका. बॅटरीची वायर काढून ठेवा.

तो टक् आवाज कशाचा असू शकतो ते सांगतो. हे इंजिन १२४८ सीसीचं, चार सिलिंडरचं. म्हणजे एका सिलिंडरमध्ये ३१२ सीसी. डिझेल असल्यामुळे ही हवा साधारण सतरा-अठरा पटीने दाबली जाते, म्हणून पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम १८-१९ सीसी जागा उरते. पाणी दाबलं जात नाही. चहाचे चार चमचे पाणी आत असलं तरी ती जागा भरते आणि पिस्टन अडतो. नुसत्या स्टार्टरच्या ताकदीने बहुधा इंजिन अडकून थांबतं आणि नुकसान थोडक्यात टळतं. चालू इंजिनने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉडच (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) वाकतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर माझ्याकडे असे वाकडे रॉड रांगेने आले. त्यातल्या बऱ्याच गाड्या पाण्यात नव्हे, पाणी उतरल्यावर कुणीतरी घाईने इंजिन सुरू केल्यामुळे मोडल्या होत्या. अजूनही याचा जीवाला चटका लागतो.

तुमची गाडी टो करून न्या. एअर फिल्टरचा डबा उघडा. तो कोरडा असेल तर आशा बरीच आहे. ऑइलची डिपस्टिक पाहा, दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. चारही ग्लो प्लग (डिझेल इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे प्लग) काढा, पण जोर करू नका, गंजलेला ग्लो प्लग हेडमध्येच मोडतो आणि तो काढण्याचा खर्च वेगळा. मग क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने हळूहळू दोन पूर्ण फेरे द्या. भोकांतून पाणी उडेल, त्याच क्षणी प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा. हे लवकर करा. ओल्या बोअरवर गंज चढायला काही दिवसच लागतात आणि मग होनिंगने भागेल असं काम बोअरिंगवर जातं. ऑइल, फिल्टर आणि टाकीतलं डिझेल सगळं बदला.

फेरे फिरले तरी रॉड सरळ आहेत याची खात्री करून घ्या. चारही पिस्टन एकेक करून सगळ्यात वर आणा आणि ग्लो प्लगच्या भोकातून बारीक सळई टेकवून खोली मोजा. एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहत असेल तर त्याचा रॉड वाकलाय. तसा असेल तरच हेड उघडण्याच्या खर्चात पडा.

पण हे सगळं खोलण्याआधी विम्याचं आजच पाहा. साध्या पॉलिसीत पाण्यात स्टार्टर मारून झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोडणी घेतलेली असावी लागते. सर्व्हेअर येईपर्यंत काही खोलू नका आणि पाण्याच्या खुणेसकट फोटो काढून ठेवा. खोलायला उशीर होत असेल तर तसं लेखी कळवा.

प्रश्न : आमच्याकडे बोअरवेलचं पाणी क्षारांचं आहे. अल्टोत तेच घालत होतो. यवतेश्वरच्या घाटात गाडी तापली, आता हेड गॅस्केट गेलंय. नुसतं गॅस्केट बदलावं का? (जत)

नुसतं गॅस्केट टाकलं तर ते परत जाण्याची शक्यता मोठी. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तापल्यावर ते किंचित वाकतं. सरळ पट्टी लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फीलर गेज घाला. ०.०५ मि.मी.चं पान जातंय म्हणजे फेसिंग (हेडचा तळ मशीनवर सपाट करणं) करून घ्या. त्याआधी हेड पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने चिरा तपासा, चीर असेल तर फेसिंगचे पैसे वाया जातात. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळायचे.

आणि बोअरवेलचं पाणी बंद. क्षार ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत चुन्यासारखे साठतात आणि बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसला तरी आतली उष्णता निघत नाही. ब्लॉक उघडलेला असतानाच त्या वाटा खरवडून धुवा. पुढे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात.

प्रश्न : क्रँक ग्राइंड करून आणला. लेथवाल्याने धुऊन दिलाय. मेकॅनिक म्हणतो लगेच बसवू. धुण्यात एवढं काय असतं? (विटा)

सुरुवातीच्या काळात मी एका भाजीव्यापाऱ्याच्या गाडीचा क्रँक ग्राइंड करून दिला होता. ऑइलच्या आडव्या भोकांत ग्राइंडिंगची पूड राहिली होती आणि मी ती नुसती हवेने उडवली. गाडी तीनशे किलोमीटर चालली, बेअरिंग खाल्लं आणि परत आली. मी ते काम पैसे न घेता पुन्हा केलं. पण त्या माणसाचे दहा दिवस गेले, ते मला भरून देता आले नाहीत. तेव्हापासून क्रँकच्या प्रत्येक भोकातून बारीक ब्रश आणि रॉकेल गेल्याशिवाय तो माझ्या टेबलावरून उठत नाही. तुम्हीही तेच करा. ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने घासा, वाळवा, लगेच ऑइलचा हात फिरवा. पांढरं फडकं बोअरमधून फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत.

बेअरिंग कुठल्या साइजचं हे डब्यावरच्या आकड्यावर सोडू नका. ग्राइंड केलेला जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने मोजा. पाव मि.मी. कमी केला असेल तर ०.२५ चं, अर्धा केला असेल तर ०.५० चं. आणि चेंबरला सिलिकॉन लावताना बारीक धार पुरे. जास्त लावलेलं आतल्या बाजूला फुगून सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीला चिकटतं. मी अशा दोन जाळ्या जपून ठेवल्या आहेत.

प्रश्न : इंजिन बांधण्यापेक्षा जुन्या बाजारातून हाफ इंजिन (हेडशिवायचा, ब्लॉक-क्रँक-पिस्टनचा भाग) आणावं का? स्वस्त पडतं. (कऱ्हाड)

तुमचा ब्लॉक फुटलेला असेल किंवा क्रँकला ग्राइंड करायला जागा उरली नसेल तरच. बाजारातलं इंजिन खोलून मोजलेलं नसतं, म्हणजे तुम्ही दुसऱ्याचा आजार विकत घेता. घ्यायचंच तर बिल, कंप्रेशनचे आकडे आणि मूळ गाडीचे कागद घ्या. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार तो बदल आरसी बुकात नोंदवावा लागतो. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला तपासणीत नंबर पाहतात आणि तिथे न जुळणारा नंबर निघाला तर गाडी अडकते.

प्रश्न : इंजिन बांधून झालं. मेकॅनिक म्हणतात रात्रभर आयडलिंगवर ठेवा म्हणजे रुळेल. खरं का? (इस्लामपूर)

नाही. रिंगा रुळतात त्या त्यांच्या मागे ज्वलनाचा दाब आला की. आयडलिंगवर तो दाब नसतो, बोअर चकाकतो आणि रिंगा तशाच राहतात. आधी प्लग काढून किंवा इंधन तोडून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. मग सुरू करून गळती पाहा आणि गाडी रस्त्यावर घ्या. वेग कमी-जास्त करत चालवा, एकाच वेगाने महामार्ग धरू नका. पहिले हजार किलोमीटर माल भरून खंबाटकीचा घाट चढवू नका.

पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेलं ऑइल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात न्या. बारीक चंदेरी झाक नव्या कामाला येतेच. बोटांत चोळल्यावर कण टोचले किंवा तांबूस पापुद्रे दिसले, तर गाडी तिथेच थांबवा आणि चेंबर उतरवून बेअरिंग पाहा.