शिवडीचा किल्ला पहिल्यांदा पाहताना

मुंबईतले किल्ले पाहायला सुरुवात करताना शीव, माहीम, वरळी आणि शिवडी एकाच दिवसात उरकण्याचा बेत आखू नका. नवखी मंडळी हमखास तिथेच चुकतात. माझे मत विचाराल, तर शिवडीपासून आरंभ करावा. हार्बर मार्गावरील शिवडी स्थानकातून पूर्वेकडे बाहेर पडले की किल्ला चालत गाठता येतो.

रायगड किंवा सिंधुदुर्गाचा विस्तार मात्र येथे शोधू नका. इंग्रजांनी १६८० च्या सुमारास बांधलेले हे टेहळणीचे ठाणे असून, १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली तेव्हा ते त्याच्या हाती पडले होते. आत शिरताना जरा थांबा. पहिला आणि दुसरा दरवाजा एकमेकांशी काटकोनात आहेत, त्यामुळे आत घुसणाऱ्याला सरळ मुसंडी मारता येत नसे. बहुतेक जण छायाचित्रांच्या नादात नेमके हेच न पाहता पुढे जातात.

एवढे सांभाळा:
- अंधाऱ्या दालनांसाठी विजेरी आणि पिण्याचे पाणी सोबत असू द्या.
- कड्याच्या बाजूच्या तटावर चढू नका. पावसाळ्यात तर शेवाळलेल्या दगडांवरून पाय सटकतोच.
- खालच्या खाडीतले रोहित पक्षी पाहायचे असल्यास हिवाळ्यात, भरतीची वेळ पाहून या, कारण पूर्ण ओहोटीला थवे दूर चिखलात पांगतात.

बुरुजांची रचना आणि जुने नकाशे यांचा अभ्यास दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा.