कंत्राटदार बदलला, मार्ग क्रमांक तोच : बेस्टच्या प्रवाशाचे काय बदलते?

आपल्या आई आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपीसाठी ज्या बेस्ट बसने जातात, त्या मार्गावरील गाड्या पुढील महिन्यापासून दुसऱ्या कंत्राटदाराकडे जाणार असल्याचे वाहकाने त्यांना सांगितले. तेव्हा त्यांचा पास चालेल का, थांबे बदलतील का आणि गाडी आलीच नाही तर जाब कोणाला विचारायचा, असे आपण विचारले आहे. मी त्याच प्रकारच्या मार्गावर गेली अनेक वर्षे रोज प्रवास करतो आणि असा बदल दोनदा जवळून पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पास आणि थांबे यांची काळजी सोडून द्यावी. मार्ग, थांबे, वेळापत्रक आणि तिकिटाचा दर हे सर्व बेस्ट उपक्रमाच्या अखत्यारीत राहते. कंत्राटदार फक्त गाडी, चालक आणि देखभाल पुरवतो व त्याबद्दल त्याला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. तिकिटाचे उत्पन्न त्याच्या खिशात जात नाही, ते बेस्टकडे जमा होते. या पद्धतीला ‘वेट लीज’ म्हणतात. (नावात ‘ओले’ असले तरी पावसाळ्यात काही गाड्यांचे छत गळते, त्याच्याशी याचा संबंध नाही, गाडी चालकासह भाड्याने घेतली, एवढाच त्याचा अर्थ.) म्हणजे आईंचा व्यवहार काल बेस्टशी होता आणि उद्याही बेस्टशीच राहणार आहे. कंत्राटदाराशी त्यांचे थेट देणेघेणे नाही.

दराच्या बाबतीत मात्र एक खाचखळगा आहे. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे १० रुपये आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये झाले आहे. त्याआधी, म्हणजे जुलै २०१९ पासून, ते अनुक्रमे ५ आणि ६ रुपये होते. कंत्राटदार बदलल्यामुळे दर बदलत नाही, पण जुन्या कंत्राटदाराच्या गाड्या साध्या असतील आणि नव्याच्या वातानुकूलित, तर त्याच थांब्यावरून त्याच थांब्यापर्यंत जाताना जास्त पैसे लागतात, आणि प्रवाशांना साहजिकच वाटते की नव्या कंत्राटदाराने भाडे वाढवले. म्हणून आईंचा पास कोणत्या प्रकारच्या बससाठी काढलेला आहे, एवढे आधी पाहून ठेवावे.

खरा बदल चालकाच्या आसनावर होतो, आणि तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चांगलाच जाणवतो. आमच्या मार्गावर नवा कंत्राटदार आला तेव्हा पहिल्या सोमवारी चालक गाडी सरळ उड्डाणपुलावर घेऊन गेला. पुलाखालचे दोन थांबे चुकले, आणि त्यातल्या एका थांब्यावर शाळेची मुले हात दाखवत उभी होती. त्यानंतर चार दिवस वाहक तिकिटे फाडायचे सोडून पुढे चालकापाशी उभा राहून ‘आता डावीकडे घ्या, सिग्नलच्या अलीकडे थांबा’ असे सांगत होता. दोष त्या चालकाचा नव्हता. त्याला मार्ग दाखवायला कोणी आधी एक फेरीसुद्धा मारून आणली नव्हती.

थांबा चुकणे ही त्यातल्या त्यात किरकोळ गोष्ट. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला पश्चिमेला ३३२ क्रमांकाच्या मार्गावरील भाडेतत्त्वावरील विद्युत बसचा जो भीषण अपघात झाला, त्यानंतर चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. वर्षानुवर्षे क्लच आणि गिअरची लहान गाडी चालवलेल्या माणसाला बारा मीटर लांबीची विद्युत बस देणे म्हणजे नुसती गाडी बदलणे नव्हे. तिला क्लच नसतो, पाय ठेवताच ती वेग घेते आणि पाय काढला की स्वतःहून मंदावते, त्यामुळे पायाची सवय मुळापासून बदलावी लागते. आपल्या मार्गावर गाडीचा प्रकारही बदलत असेल, तर सुरुवातीच्या दिवसांत आईंनी गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आसनावरून उठू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा बदल वेळेचा. छापील वेळापत्रक तेच राहिले तरी नव्या गाड्या वेगळ्या आगारातून सुटणार असतील, तर पहाटेच्या पहिल्या आणि रात्रीच्या शेवटच्या फेऱ्या सरकू शकतात, कारण आगारापासून मार्गाच्या सुरुवातीपर्यंतचे रिकामे अंतर बदललेले असते. विद्युत बस असेल तर दुपारी चार्जिंगसाठी गाड्या आत जाण्याची वेळही हिशेबात धरावी लागते. आईंची वेळ सकाळी दहाच्या सुमाराची असल्याने त्यांना याची झळ कमी बसेल, परंतु परतीची गाडी दुपारची असेल तर पहिला आठवडाभर अर्धा तास हाताशी ठेवावा.

कंत्राटदार का बदलतात, हेही आपण विचारले आहे. कधी कराराची मुदत संपते. कधी किलोमीटरचा ठरलेला दर परवडेनासा झाला म्हणून कंत्राटदार मुदतीआधीच गाड्या काढून घेतो, जसे २०२२ मध्ये एकाने मिनी बसच्या बाबतीत केले. चालकांच्या पगारावरूनही ठिणगी पडते. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी काम बंद केले तेव्हा मुंबईकर जवळजवळ आठवडाभर थांब्यांवर ताटकळले होते. माझ्या मते या पद्धतीतला कच्चा दुवा हाच आहे : गाडी भरली काय आणि रिकामी धावली काय, कंत्राटदाराचे पैसे किलोमीटरवर ठरतात, आणि त्यातून चालकाच्या हाती किती पडते हे प्रवाशाला कधीच दिसत नाही.

आता तक्रारीचे. ती कंत्राटदाराच्या नव्हे, तर बेस्टच्या आगार व्यवस्थापकाच्या नावे, लेखी द्यावी. मी पहिल्यांदा ‘आमच्या मार्गावर गाड्या फार उशिरा येतात’ असे एक पानभर लिहून दिले होते. त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही आणि होणारही नव्हते, कारण त्या वाक्यावरून कोणत्या फेरीचे पैसे कापायचे हे कोणालाच ठरवता आले नसते. दुसऱ्या वेळी मी आठ दिवस वहीत नोंद ठेवली : तारीख, थांब्याचे नाव, गाडी अपेक्षित असलेली वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ, फलकावरचा मार्ग क्रमांक आणि गाडीचा नोंदणी क्रमांक. न धावलेल्या फेरीबद्दल कंत्राटदाराला दंड होतो, पण त्यासाठी ती नेमकी फेरी दाखवावी लागते. त्या वहीची झेरॉक्स दिल्यानंतर सकाळची ८.४० ची फेरी, जी सलग तीन दिवस गायब होती, ती पुढच्या आठवड्यापासून येऊ लागली. तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.

एक गोष्ट राहिली. नव्या गाड्यांच्या पायऱ्या किती उंच आहेत हे आईंना नेण्याआधी आपण स्वतः एकदा चढून पाहावे. खालच्या तळाची मोठी विद्युत बस आली तर त्यांच्या गुडघ्यांना आतापेक्षा आरामच पडेल. पण लहान आकाराची उंच पायऱ्यांची गाडी आली तर पदपथाला लागून उभी राहील अशा थांब्यावरून, म्हणजे सध्याच्या थांब्याच्या आधीच्या किंवा पुढच्या थांब्यावरून चढणे सोयीचे ठरते. आमच्या शेजारच्या आजी हल्ली मुद्दाम एक थांबा मागे चालत जातात, कारण तिथला पदपथ उंच आहे आणि गाडी त्याला चिकटून थांबते.