इकोत ६०, मुगात ५२ : हृदय दुबळं झालं का?

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग आहे. डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधाचे ४ डोस झाले, आता ट्रास्टुझुमॅब हे कर्करोगाचं दुसरं औषध सुरू आहे. आधीच्या टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती बाहेर टाकतं ते प्रमाण, ६० टक्के होता. तीन महिन्यांनी दुसऱ्या सेंटरला केलेल्या मुगा स्कॅनमध्ये ५२ आला. औषध थांबवावं का?

उत्तर : स्वतःहून थांबवू नका. हे दोन आकडे एकमेकांशी ताडण्यासारखेच नाहीत. साध्या इकोत कप्प्याची कड डोळ्यांनी आखली जाते. त्यामुळे एकाच हृदयाचा ईएफ दोन वेळा मोजला तरी १० अंकांपर्यंत फरक पडू शकतो. मुगात रक्तातल्या तांबड्या पेशींना टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य चिकटवतात आणि प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात किती रक्त मावतं, किती बाहेर जातं हे गॅमा कॅमेरा मोजतो. आकार गृहीत धरावा लागत नाही, म्हणून हा आकडा जास्त स्थिर असतो.

पण तोही चुकतो. ठोके अनियमित असले की ईसीजीशी मेळ बसत नाही. 'पार्श्वभूमी' (हृदयाबाहेरून येणारे किरण) वजा करण्यासाठी आखलेल्या चौकटीत प्लीहा आली तर ईएफ खोटा वाढतो. डाव्या कप्प्याच्या चौकटीत वरचा कप्पा शिरला तर खोटा घटतो. केमोसाठी त्वचेखाली बसवलेल्या नळीतल्या (पोर्टमधल्या) हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधामुळेही टेक्नेशियम पेशींना नीट चिकटत नाही. चित्रात जठर किंवा थायरॉइड उजळलेले दिसले तर तो संशय घ्या. म्हणून इंजेक्शन पोर्टमधून न देता वेगळ्या शिरेतून द्यायला सांगा, आणि काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात टाळा.

चार डोस म्हणजे बहुधा शरीराच्या दर चौरस मीटरला २४० मिलिग्रॅम डॉक्सोरुबिसिन. ४०० च्या पुढे हृदयाला असलेला धोका झपाट्याने वाढतो, पण त्याखाली तो शून्य नसतो. पाठोपाठ ट्रास्टुझुमॅब आलं की लक्ष ठेवावंच लागतं. खरी धोक्याची खूण म्हणजे एकाच पद्धतीने मोजलेला ईएफ १० किंवा जास्त अंकांनी उतरून ५० च्या खाली जाणं. म्हणून आता आधीच्याच सेंटरला इको पुन्हा करा. त्यात 'स्ट्रेन' (हृदयाचा स्नायू किती आकुंचन पावतो याचं माप) मागा: मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घट झाली तर ईएफ चांगला असतानाही त्रासाची सुरुवात कळते. पुढे दर तीन महिन्यांनी हीच पद्धत, शक्यतो तेच यंत्र. दिलासा एवढा की ट्रास्टुझुमॅबने आलेली घट बहुतेक वेळा औषध थांबवल्यावर भरून निघते. डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत तसा भरवसा देता येत नाही.

आडवं झाल्यावर दम लागणं, घोट्यांना सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : मुगानंतर घरी तीन वर्षांचा नातू आहे. चालेल ना?

उत्तर : चालेल. टेक्नेशियमची तीव्रता दर सहा तासांना निम्मी होते, म्हणजे २४ तासांत सोळाव्या हिश्शावर येते. त्या दिवशी भरपूर पाणी प्यावं, वरचेवर लघवीला जावं आणि नातवाला फार वेळ मांडीवर घेऊ नये. उपाशी राहायची गरज नाही.