देवाशी समेट झालेल्या ख्रिस्ती लोकांत इतके पंथ कसे?

प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. ख्रिस्ताने देवाशी समेट घडवून आणला म्हणता, तर तुमचं आपसांत का जमत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी मराठी प्रोटेस्टंट घरातला, त्यामुळे उत्तर अगदी तटस्थ असेल असं नाही.

माणूस पापामुळे देवापासून दुरावला, ते अंतर त्याला स्वतःहून तोडता येईना, म्हणून देवानेच पुढाकार घेऊन ख्रिस्ताच्या मरणाद्वारे नातं सांधलं, ही आमची श्रद्धा. इथवर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट कुणाचंच फारसं दुमत नाही.

पण पौल, म्हणजे ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत तो सुरुवातीचा यहुदी ख्रिस्ती प्रचारक, तिथे थांबत नाही. यरुशलेमच्या मंदिरात एक दगडी कठडा होता. परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, त्यापलीकडे जायचं नाही. त्यावर ग्रीकमध्ये सूचनाच कोरलेली होती: आत कुणी सापडला तर आपल्या मरणाला तो स्वतः जबाबदार. ही शिळा 1871 मध्ये सापडली, आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. इफिस शहरातल्या त्रफिम नावाच्या परराष्ट्रीयाला पौलाने मंदिरात नेलं, अशा नुसत्या संशयावरून जमावाने पौलाला बडवलं आणि तो अटकेत गेला (बायबल, प्रेषितांची कृत्ये 21). आणि पौलाच्या नावचं इफिसकरांस पत्र म्हणतं की ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडून यहुदी आणि परराष्ट्रीय या दोघांचा एकत्रच देवाशी समेट केला. म्हणजे देवाशी मिटलं, शेजाऱ्याशी नंतर बघू, अशी सोय त्यात ठेवलेलीच नाही.

ती सोय शोधायचा मोह मात्र येशूचा शिष्य पेत्र यालाही झाला. अंत्युखिया शहरात तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची, यहुदी रीती पाळणारी माणसं आली तसा हळूच बाजूला झाला. सरळसरळ पंक्तिभेद! पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं.

आता पंथांचं. ते एकत्र आल्याचं ठळक उदाहरण आपल्याकडचंच आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन अशा सहा प्रोटेस्टंट मंडळ्या (चर्च) मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा दीक्षाविधी, तान्ह्या बाळाला द्यायचा की कळत्या वयात, यावर युरोपात एकेकाळी माणसं मारली गेली. इथे दोन्ही रीती मान्य केल्या. बोलणी अनेक वर्षं चालली होती, तरी मेथडिस्ट पंथाचा एक मोठा गट ऐनवेळी बाहेर राहिला. बिशप कोण, मालमत्ता कुणाची, अधिकार कुणाला, हे वाद श्रद्धेच्या वादांइतकेच चिवट असतात.

मला स्वतःला वेगळ्या उपासनापद्धती फारशा खुपत नाहीत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अजून एकत्र प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) घेऊ शकत नाहीत, हे खुपतं. त्याहून जास्त खुपतं ते आमच्या घरांतलं. रविवारी एकाच पेल्यातून द्राक्षरस घेणारी माणसं सोयरिकीचा विषय निघाला की आवाज खाली आणून विचारतात, "मूळचे कोण हो ते?" पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांत हे चालतं. उद्या सगळे पंथ एका पाटीखाली आले तरी हा प्रश्न विचारला जाईलच.

बायबल हाताशी असेल तर इफिसकरांस 2 आणि गलतीकरांस 2 हे अध्याय एका बैठकीत वाचून बघा. अर्ध्या तासाचंही काम नाही.