निरोप झाला, निघणं राहिलं

प्रिय मावशी,
मी मिरजेच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये अकरा वर्षं स्टाफ नर्स होते. जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळच्या एका वृद्धाश्रमाने मला नोकरी देऊ केली. जर्मनची बी-१ परीक्षा पास झाले, करारावर सही झाली, म्हणून मार्चमध्ये राजीनामा दिला. यजमानांनीही कुपवाड एमआयडीसीतली नोकरी सोडली. फ्रीज, कपाट, सोफा विकला, भाड्याचं घर सोडून सासूबाईंकडे आलो, दुसरीतल्या मुलाचा दाखला काढला, तो अजून घरीच आहे. कॉलनीतल्या बायकांनी ओटी भरून निरोप दिला. आणि तिथेच माशी शिंकली. कागदांवरची माझी नावं जुळत नाहीत म्हणून तिकडच्या कार्यालयाने खुलासा मागितलाय. बी-१ च्या वरच्या बी-२ परीक्षेत लेखनात नापास झाले. एजंटाला आईच्या पाटल्या गहाण ठेवून दोन लाख दिले होते, तो म्हणतो अजून साठ हजार भरा, फाइल लवकर काढून देतो. नणंद म्हणते, नाट लागली, आता जाऊ नका. मंडईत गेलं की लोक विचारतात, "अजून इथेच?" भरलेल्या बॅगा दारामागे उभ्या आहेत. मावशी, जाऊ की सोडून देऊ?
— एक परिचारिका, मिरज

अगं, आधी उद्या सकाळी मुलाला शाळेत घेऊन जा. बाकी सगळं नंतर. जून उलटून गेला आणि पोरगं घरी बसलंय, हे तुझ्या पत्रातलं सर्वांत वाईट वाक्य आहे, आणि तू ते जाता जाता लिहिलंयस. जुन्या शाळेत जागा नसेल तर जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्येही त्याला प्रवेश नाकारता येत नाही. तिकडे शाळेचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, आणि भाषा न येणाऱ्या मुलांसाठी श्टुटगार्टच्या राज्यात वेगळे तयारीचे वर्ग असतात. तो तिथे गेला की सामावून जाईल. पण मधले महिने त्याने रिकामे का काढायचे?

आता नाट लागण्याचं. नणंदेला राग येईल, पण मी स्पष्टच लिहिते. तुझ्या बाबतीत अशुभ काहीही घडलेलं नाही. नर्सिंगसाठी जर्मनीला जाणाऱ्या बऱ्याच मुलींचं घोडं याच जागी अडतं: नाव, भाषा आणि इथल्या नर्सिंगच्या शिक्षणाला तिथली मान्यता. तुमचं चुकलं ते फक्त क्रमात. तिथला कागद हातात पडायच्या आधी इथलं घर मोडलंत. नोकरीचा करार म्हणजे व्हिसा नव्हे, हे एजंटाने तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, आणि त्याने ते सांगितलं नाही याचा मला फार राग आहे.

नावांचा घोळ मला नीट कळतो, कारण तो माझाही झाला होता. तुझं लग्न झालं तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं असेल ना? माझंही लिहिलं होतं. सगळ्या बायका वाकून बघत होत्या, मला फार गोड वाटलं होतं. १९९१ साली आम्ही श्टुटगार्टला राहायला गेलो, तेव्हा त्या तांदळातल्या नावाने माझे चार महिने खाल्ले. तू कागदांचे फोटो पाठवलेस ते बघितले. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव. डिप्लोमावरही माहेरचंच, पण वडिलांचं नाव एकीकडे घरचं, एकीकडे कागदावरचं. नर्सिंग काऊन्सिलच्या नोंदणीत सासरचं नाव आणि सासरचं आडनाव. पासपोर्टवर मधलं नावच नाही. आपल्याकडे हे कोणाला खटकत नाही, कारण माणूस समोर उभा असतो. तिथल्या कारकुनासमोर फक्त कागद असतात, आणि त्यांतून त्याला तीन वेगळ्या बायका दिसतात.

म्हणून जुनी प्रमाणपत्रं बदलायच्या मागे लागू नकोस. त्यात वर्ष जाईल आणि गरजही नाही. जर्मन अर्जांमध्ये जन्मनावाचा वेगळा रकाना असतो, लग्नाआधीचं आडनाव तिथे लिहायचं असतं. त्यांना माहेरच्या नावाचं वावडं नाही, त्यांना एका नावापासून दुसऱ्या नावापर्यंतचा पूल हवा आहे. पूल असा बांध: जन्मदाखला, मग विवाह नोंदणीचा दाखला (पत्रिका किंवा लग्नाचा अल्बम चालत नाही, निबंधकाचा दाखला लागतो), मग नाव बदलल्याची महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली प्रसिद्धी, आणि शेवटी पासपोर्ट. पासपोर्टवरचं नाव हेच पायाचं धर, काऊन्सिलमधली नोंद त्याच्याशी जुळवून घे. वडिलांच्या दोन नावांसाठी प्रतिज्ञापत्र कर, पण फक्त प्रतिज्ञापत्रावर सगळा भार टाकू नकोस. स्टॅम्पपेपरवरच्या "मी हीच ती" याला परदेशी कार्यालयं फार किंमत देत नाहीत.

आणखी एक. एजंटाने कागदांवर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय करारातला सरकारी शिक्का, करून घ्यायला सांगितलं असेल, तर थांब. भारत २००५ मध्ये त्या करारात आला, पण जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे आपल्याकडचं अपॉस्टिल जर्मनी मानत नाही. मान्यता देणाऱ्या कार्यालयाकडून वृद्धाश्रमामार्फत लेखी यादी मागव: कोणता कागद, मूळ की प्रत, भाषांतर कोणाचं. त्या यादीत नसलेल्या शिक्क्यावर एक रुपयाही खर्च करू नकोस.

साठ हजार देऊ नकोस. कुशल कामगारांसाठी जर्मनीत जलद प्रक्रिया खरोखरच आहे. ती तुला नोकरी देणारा मालक तुझ्या अधिकारपत्रावर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात सुरू करतो. तिची सरकारी फी ४११ युरो, म्हणजे साधारण चाळीस हजार रुपये, आणि ती तिथे भरायची असते. तिथून पूर्वसंमती आली की इथे व्हिसाची भेट तीन आठवड्यांत मिळायला हवी. मिरजेत बसलेला माणूस ही फाइल सरकवू शकत नाही. वृद्धाश्रमाच्या मॅनेजरबाईंना सरळ मेल कर आणि विचार, तुम्ही ही प्रक्रिया सुरू केली आहे का? मोडक्या जर्मनमध्ये लिही, चालेल. एजंटाला मध्ये घालू नकोस.

दिलेल्या दोन लाखांचंही बोलू. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी आहे का ते बघता येतं. त्याचा नोंदणी क्रमांक माग. पावत्या, बँकेतून गेलेले पैसे, व्हॉट्सॲपवरचे निरोप एकत्र कर, आणि त्याच्याकडून लेखी हिशेब घे: शिकवणीचे किती, भाषांतराचे किती, त्याचे किती. हिशेब दिला नाही तर त्याच पोर्टलवर तक्रार करता येते. केरळच्या मुली तिथल्या सरकारी नोर्का रूट्स आणि जर्मन सरकारच्या ट्रिपल विन कार्यक्रमातून जातात, त्यांच्याकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. कुठल्या तरी मुलीसाठी हे मोफत होतं आणि तुझ्या आईच्या पाटल्या गहाण पडतात, हे मला सहन होत नाही.

बी-२ चं इतकं मनावर घेऊ नकोस. ग्योथं इन्स्टिट्यूटची परीक्षा असेल तर तिचे चार भाग सुटे देता येतात आणि प्रत्येकात ६० टक्के लागतात. वाचन, ऐकणं, बोलणं हातात आहे, फक्त लेखन पुन्हा द्यायचं. अकरा वर्षं तू ड्यूटी संपताना रिपोर्ट लिहिलास. आता रोज एक रिपोर्ट जर्मनमध्ये लिही, मनातल्या पेशंटचा: रात्री झोप कशी लागली, जेवण किती गेलं, कुठे दुखतंय. परीक्षेतले विषय वेगळे असतील, पण हात वाहता होईल. शिवाय वृद्धाश्रमात पहिल्या दिवसापासून तुला हेच लिहायचंय.

यजमानांनी जुन्या कंपनीत जाऊन सुपरवायझरला भेटावं. लाज वाटेल, जावं तरी. तिथे नाही तर दुसरीकडे, पण या महिन्यात पगार सुरू झाला पाहिजे, कारण गहाणाचं व्याज दर महिन्याला चढतंय. आणि दोघांनी मिळून एक गोष्ट मान्य करा: आधी तू एकटी जाणार. पूर्ण मान्यता मिळेपर्यंत तुला सहाय्यक नर्सचा पगार मिळेल, तो कमी असतो. आपला डिप्लोमा तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून कुठे तास कमी पडतात ते तिथलं कार्यालय कळवतं, मग प्रशिक्षण किंवा परीक्षा, यांतलं एक निवडायचं. त्या काळात तिघांचं घर चालवणं कठीण. तू वृद्धाश्रमाच्या वसतिगृहातल्या खोलीत राहा. यजमानांनी इथे कमवावं आणि रात्री जर्मन शिकावं. नवऱ्याला आणि मुलाला कधी नेता येईल हे तुझा तिथे राहण्याचा परवाना कुठल्या कलमाखाली निघतो त्यावर ठरतं, तेही मॅनेजरबाईंना आत्ताच विचार.

घराची घाई न करण्याचं कारण सांगते. आमच्या पहिल्या फ्लॅटचं दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीतून दोन नळ्या बाहेर आलेल्या आणि छताला सुट्या वायरी लोंबत होत्या. ओटा नाही, सिंक नाही, दिवा नाही. तिकडे बऱ्याच ठिकाणी भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर घेऊन येतो आणि जाताना काढून नेतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. शनिवारची दुपार होती, तेव्हा शनिवारी दोनला दुकानं बंद व्हायची, रविवारी तर आजही बंद असतात. बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले, फरशीवर शेगडी ठेवून खिचडी केली, आणि मुलगी म्हणाली, आई, इथे अंधार का आहे? तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. तुझ्या मुलाने तो विचारू नये. घर बघशील तेव्हा स्वयंपाकघर आहे का, हे पहिलं विचार. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुला कायद्याने हक्क आहे. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, तिच्यासाठी घरमालकाची सही लागते. तो सही देईल का, हे किल्ली घ्यायच्या आधी विचार.

जायचं की नाही, हे तू विचारलंस. जा. अकरा वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या बाईचं काम तिथे हवंच आहे. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये त्याच राज्याशी, बाडेन-वुर्टेम्बर्गशी, कुशल मनुष्यबळाचा करार केला. पण हातात व्हिसा आल्यावर तिकीट, तिकीट आल्यावर सामान. दरम्यान मिरजेत नर्सचं काम धर, अर्धवेळ मिळालं तरी. जास्त खंड पडला तर तो पुढे अर्जात समजावून सांगावा लागतो.

मंडईत विचारलं तर सांग, "कागद अडलेत, निघाले की कळवते." त्यापुढे कोणाला काही सांगायला तू बांधील नाहीस. ज्या बायकांनी ओटी भरली त्यांना तुझं बरंच व्हावं असं वाटत होतं, आजही वाटत असेल. एखादी पुन्हा भेटायला आली तर चहा कर, लपू नकोस.

आणि त्या बॅगा उघड. मुलाचे कपडे, तुझी रोजची भांडी बाहेर काढ. त्याला शाळेत घालायला काहीतरी लागेलच. लेखनाच्या परीक्षेची तारीख मिळाली की मला कळव.

तुझी,
मावशी