वाचकांचे प्रश्न : स्कॉटलंडमध्ये स्वतः गाडी चालवावी का?

प्रश्न : येत्या मे महिन्याच्या सुट्टीत मी, माझे पती, 9 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई असे चौघे स्कॉटलंडला जात आहोत. एडिनबरा पाहून झाल्यावर भाड्याने गाडी घ्यायची आणि चार दिवसांत ग्लेनको, स्काय बेट, लॉक नेस सरोवर आणि उत्तर किनाऱ्याचा ‘नॉर्थ कोस्ट 500’ हा वळसा पूर्ण करायचा, असा पतींचा बेत आहे. ते मुंबईत 15 वर्षे गाडी चालवतात आणि गोव्याला एका दिवसात पोहोचतात. तिथे आपले लायसन्स चालेल का आणि हा बेत झेपेल का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : लायसन्सची चिंता नको. पर्यटक म्हणून गेलेल्या व्यक्तीला भारतीय लायसन्सवर तिथे 12 महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि तिथेही वाहतूक आपल्यासारखी डावीकडूनच चालते. गिअर बदलण्याची सवय सुटली असेल, तर ऑटोमॅटिक गाडी वेळेवर मिळेल असे गृहीत न धरता आधीच राखून ठेवावी. मुलाची उंची 135 सेंटीमीटरपेक्षा कमी असल्यास बूस्टर सीट कायद्याने लागते, तीही त्याच वेळी मागून घ्यावी.

बेत मात्र झेपणार नाही. उत्तरेचा तो वळसा एकटाच 516 मैलांचा, म्हणजे सुमारे 830 किलोमीटरचा आहे, आणि गोव्याच्या रस्त्याचा हिशेब त्याला लागू पडत नाही. कारण तिथले कित्येक रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत आणि समोरून वाहन आले की कोणाला तरी थांबावेच लागते. त्यासाठी ठरावीक अंतरावर रस्ता थोडा फुगवलेला असतो आणि तिथे ‘पासिंग प्लेस’ अशी पांढरी पाटी असते. ती जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर गाडी तिच्यात घ्यायची. उजव्या हाताला असेल तर पलीकडे न जाता आपल्याच बाजूला, तिच्या समोर थांबायचे, म्हणजे समोरचा तिच्यातून वळसा घेऊन जातो. मागच्या गाडीला घाई दिसली, तर तिलाही असेच पुढे जाऊ द्यावे. चढावरच्या गाडीला आधी वाट देण्याची आपल्या घाटातली रीत तिथेही पाळली जाते. फोटो काढण्यासाठी या जागेत गाडी उभी करणे मात्र गैर मानले जाते. स्कायवर पहिल्या दिवशी मी थांबलो, तेव्हा समोरून आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने स्टिअरिंगवरचे एकच बोट उचलले आणि तो निघून गेला. ते आभार होते, हे कळायला मला आणखी तीन गाड्या जाव्या लागल्या. हॉर्नला तिथे काही काम नाही. मेंढ्याही त्याने हलत नाहीत.

तेव्हा उत्तरेचा वळसा सोडून द्यावा. एडिनबरा पाहताना गाडी घेऊच नये, ती तिथून निघायच्या सकाळी घ्यावी. पहिल्या दिवशी स्टर्लिंगवरून ग्लेनकोला जावे. ‘थ्री सिस्टर्स’ हे तीन डोंगर रस्त्यालगतच्या वाहनतळावरूनच दिसतात, त्यामुळे सासूबाईंना चढण नाही. 1692 मध्ये याच दरीत पाहुणचार घेत राहिलेल्या सरकारी सैनिकांनी पहाटे यजमानांचीच कत्तल केली होती. ते ठाऊक असले की दरी वेगळीच दिसते. दुसऱ्या दिवशी ग्लेनफिननचा 21 कमानींचा रेल्वे पूल पाहून मॅलेग बंदराहून गाडीसकट बोटीने स्कायला जावे. मुलासाठी तिथल्या वाफेच्या इंजिनाच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी. तिसरा दिवस पूर्ण स्कायला द्यावा आणि चौथ्या दिवशी पुलावरून मुख्य भूमीवर येऊन, आयलिन डोनन किल्ला व लॉक नेस पाहत इनव्हर्नेसला गाडी परत करावी. दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचे जादा पैसे पडतात. तरीही एडिनबऱ्याला रेल्वेने परतणे मला अधिक पसंत आहे.

गाडी ताब्यात घेताना चारही चाकांच्या रिमचे फोटो काढावेत. माझ्याकडून एका कंपनीने आधीच असलेल्या ओरखड्याचे पैसे घेतले, कारण माझ्याकडे पुरावा नव्हता. पतींना व्हिस्कीच्या भट्ट्या पाहायच्या असतील, तर स्कॉटलंडमधली मद्याची मर्यादा 2014 पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे, हे त्यांच्या कानावर घालावे. काही भट्ट्यांत चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात.

लहान गावांतली स्वयंपाकघरे रात्री लवकर बंद होतात, म्हणून सासूबाईंसाठी पोहे आणि मेतकूट जवळ असू द्यावे. तुपाची बरणी आणि पेढे मात्र घरीच ठेवावेत. भारतातून दुग्धजन्य पदार्थ तिथे नेण्यास मनाई आहे.