टेक्सासच्या जमिनीत आईचा तिसरा हिस्सा: किंमत किती धरायची?

तुमच्या आई पुण्याच्या, भारतीय नागरिक. मामांच्या पश्चात टेक्सासमधली त्यांची जमीन तीन बहिणींच्या नावावर आली, अविभक्त. आता आई गेल्या. सगळी जमीन ९ लाख डॉलरची, तर ७०६-एनए फॉर्मवर (परदेशी माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या अमेरिकेतल्या मालमत्तेवर लागणाऱ्या इस्टेट टॅक्सचं विवरणपत्र) सरळ ३ लाख लिहू का, असं तुम्ही विचारलंय.

नका लिहू. कर लागतो तो हिश्श्याच्या बाजारभावावर, आणि वाटणी न झालेल्या जमिनीतला तिसरा हिस्सा त्रयस्थ माणूस पूर्ण भावाने कशाला घेईल? दोन अनोळखी बायकांच्या सह्यांशिवाय त्याला अख्खी जमीन विकता येणार नाही. नाही जमलं तर दावा, वकील, मोजणी. सामाईक सातबाऱ्यावरचा हिस्सा आपल्याकडेही गिऱ्हाईक पाडूनच मागतं. मावश्या घरच्याच आहेत हा मुद्दा इथे चालत नाही, खरेदीदार काल्पनिक धरायचा असतो. १९८२च्या प्रॉप्स्ट्रा खटल्यात अशा हिश्श्यावर १५ टक्के घट मान्य झाली होती.

अमेरिकन नागरिकाला २०२६ मध्ये दीड कोटी डॉलरची सूट आहे, तुमच्या आईंना फक्त ६० हजारांची. म्हणून घट महत्त्वाची. समजा २० टक्के धरली, तर हिस्सा २ लाख ४० हजारांचा आणि कर, इतर वजावटी सोडून, ७४,८०० ऐवजी ५४,६०० डॉलर.

पण हा टक्का अंदाजाने ठोकू नका. हवाईतल्या एका घराच्या खटल्यात (२०१०) मालकांनी ३० मागितले, कोर्टाने वाटणीचा खर्च आणि वेळ मोजून १७च्या आसपास दिले. आमच्या काकूंच्या वेळी अप्रेझरने (मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्याने) ‘रूढ २५ टक्के’ एवढंच लिहून पाठवलं होतं. आम्ही ते परत केलं. त्या काउंटीतल्या (तिकडचा जिल्हा) वाटणीच्या दाव्यांचा खर्च मांडल्यावर तो स्वतःच १८वर आला.

टेक्सासमध्ये आणखी एक मेख आहे. तिथल्या २०१७च्या कायद्याने, वारसाहक्काच्या जमिनीत एकाने विक्रीसाठी दावा लावला तर बाकीचे त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतात, आणि तो भाव अख्ख्या जमिनीच्या किमतीच्या प्रमाणात ठरतो, घट न धरता. फॉर्म तपासणारा कर अधिकारी हा मुद्दा काढू शकतो, तेव्हा त्याचं उत्तर अप्रेझरच्या अहवालातच हवं. काउंटीच्या करबिलावरचा आकडाही वापरू नका. शेतीची सवलत असेल तर तो बाजारभावाच्या जवळपासही नसतो. जमिनीखालच्या तेल-वायूचे हक्क असतील तर त्यांची किंमत वेगळी काढावी लागते.

मावश्यांबरोबर लगेच विकणार असाल तर घटीचा थोडा फायदा परत जाईल: विक्रीचा नफा मोजताना तुमची मूळ किंमत ६० हजारांनी कमी धरली जाते, म्हणजे १५ टक्क्यांनी ९ हजार डॉलर नफ्यावरचा कर. तरी हिशेब तुमच्याच बाजूने राहतो. फॉर्मची मुदत मृत्यूपासून ९ महिने. ती वाढवून मिळते, पण कर भरायची तारीख त्याने आपोआप पुढे जात नाही.

आणि मामांच्या वेळचा मूल्यांकनाचा अहवाल सापडला तर त्यात घट नाही म्हणून घाबरू नका. मामांकडे जमीन अख्खी होती, हिस्से पडले ते त्यांच्यानंतर.